असेंब्लीच्या छताचा चार्ज

आबाजींची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या हनुवटीपासून. पांढुर्ण्याच्या बाजारातून ते समोरून येत तेव्हा आधी ती हनुवटीच दिसे, तिच्यावर दोन दिवसांची पांढरी खुंटं, आणि डोळे कुणाच्या तरी छपराच्या वळचणीला लागलेले. रस्त्यावरचं शेण, बैलगाडीचं जू, संत्र्यांच्या पेट्या, हे सगळं त्यांचे पाय आपल्या जबाबदारीवर चुकवत. डोळ्यांचा त्यात काही संबंध नसे.

मी शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. इतका वयस्क माणूस इतक्या निष्ठेने वर पाहतो म्हणजे वर काहीतरी असणार, असं वाटून मीही वर पाहत चालू लागलो आणि समोरून आलेल्या कापसाच्या गाडीत तोंड घातलं. दाढीमिशांना कापूस लागलेला मी बाहेर निघालो तेव्हा आबाजी थांबले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "वर पाहाचं असन तं आधी पाय थांबवत जा. मले तीस वर्षांची सवय आहे, तुमी आजच सुरू करून राहिले."

ही तीस वर्षं त्यांनी नागपुरात काढली होती, असेंब्लीच्या इमारतीच्या देखरेखीवर. आधी मिस्त्री, मग ओव्हरसियर. साहेबाच्या काळात तिथे कौन्सिल भरायची, स्वराज्यात विधानसभा. आबाजींच्या तोंडी दोन्हीला एकच नाव, 'आपली असेंब्ली'. आत कोण काय बोललं ते त्यांना विचारून उपयोग नसे. तिथली एकही चर्चा त्यांनी ऐकली नव्हती. त्यांनी ती इमारत पाहिली होती ती वरून आणि खालून. गच्चीवरची पन्हळ कुठे वळते, जिन्याखालच्या पोकळीत काय साठतं, कोणत्या कमानीचा दगड उन्हाळ्यात केसभर सरकतो आणि थंडीत परत येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. मुख्यमंत्री कोण होते असं कुणी विचारलं तर ते थोडा वेळ आठवून म्हणत, "ज्यायच्या खोलीच्या खिडकीचं बिजागर कुरकुरत होतं, थे."

कमरेला त्यांचा ओळंबा असे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं शिशाचं वजन, भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचं. लोक कनवटीला चंची लावतात, हे ओळंबा लावत. एकदा आम्ही दोघं जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. मी चपला काढून, हात जोडून पुढे झालो, आणि मागे पाहतो तर आबाजी नाहीत. ते देवळाच्या खांबाशी ओळंबा सोडून, एक डोळा मिटून उभे. मागे बाया-माणसांची रांग थांबलेली. दोरी स्थिर झाली, आबाजींनी मान हलवली, ओळंबा गुंडाळला, खांबाला हात लावून नमस्कार केला आणि मगच देवाकडे वळले.

"सरळ आहे," मला म्हणाले. "आता काही मागाले हरकत नाही."

काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, यावर एकच म्हणणं असे. "मास्तर, लग्नात यायनं मले पाह्यलंच नाही. मांडवाचे बल्ले-वासे मोजून राहिले होते. अंतरपाट दूर झाला तरी डोये वरच."

"बल्ला कच्चा होता," आबाजी शांतपणे सांगत. "तुह्याच डोक्यावर आला असता."

आमची खरी गट्टी जमली ती माझ्या एका कर्तबगारीमुळे. सव्वीस जानेवारीला शाळेच्या फाटकावर बांबूची कमान उभारायची होती आणि ते काम मी मागून घेतलं. भूगोल शिकवणाऱ्याला पृथ्वीचा गोल समजतो, त्याला अर्धा गोल काय अवघड, असा माझा हिशेब. दोन्ही बाजूंनी बांबू वाकवले, मध्ये सुतळीने बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या. हेडमास्तर तिच्याखालून निघाले आणि कमान त्यांच्या गळ्यात हारासारखी येऊन पडली. पोरांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आबाजी गर्दीतून पुढे आले. हेडमास्तरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, सुतळीची गाठ उचलून पाहिली. "मधात काय बसवलं होतं?"

"काही नाही. नुसतं बांधलं."

"मधात पाचर पाह्यजे. दोन्ही बाजू एकमेकांले ढकलतात, त्यायच्या मधात जो बसते तोच सगळं धरून ठेवते. असेंब्लीले या, दाखवतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर. एका चुकीवर माणसं एवढा वेळ देत नाहीत, पण आबाजींना माझ्यात पुढच्या चुकांचीही शक्यता दिसली असावी. त्यांचा अंदाज बरोबर होता.

छप्पन साली राज्यांची नवी रचना झाली. आमचा भाग मध्य प्रदेशातच राहिला, पण नागपूर गेलं मुंबई राज्यात आणि आमची राजधानी झाली भोपाळ. पांढुर्ण्यात काही दिवस कुणालाच नक्की कळेना की आपण कुठे गेलो. खरं तर आम्ही कुठेच गेलो नव्हतो, बाकी सगळे गेले होते. मुलींची सासर-माहेरं दोन राज्यांत, कापूस एका राज्यात आणि त्याचा व्यापारी दुसऱ्यात. आणि वर्गात मी रोज छडी नकाशावर आपटून घोकून घेत होतो, "आपली राजधानी?" "भोपाळ!" पोरांपेक्षा माझीच जीभ जास्त अडखळायची, म्हणून आवाज मोठा.

त्या दिवसांत आबाजी रोज स्टेशनावर जाऊन बसू लागले. नागपूरहून भोपाळला सरकारी सामान इटारसीच्या लाइनीने जायचं, आणि ती लाइन आमच्या पांढुर्ण्यावरूनच. मीही एक-दोनदा त्यांच्यासोबत गेलो. एका उघड्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, टेबलं उताणी घातली होती, पाय वर करून.

आबाजी उठून उभे राहिले. "थे तिसरं टेबल पाहा. पश्चिमेच्या व्हरांड्यातलं होय. त्याचा एक पाय मी बदलला, सागवान आहे, बाकीचे तीन शिसम."

गाडी हलली. टेबल पाय वर केलेलं तसंच इटारसीकडे गेलं.

"जाऊ द्या, आबाजी," मी म्हणालो. "टेबलंच आहेत."

"टेबलं जाऊ द्या, कपाटं जाऊ द्या, साहेबलोकं जाऊ द्या. इमारत तं वाघिणीत नाही घालू शकत." मग बराच वेळ ते रुळांकडे पाहत राहिले. खाली पाहणारे आबाजी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. "मास्तर, तुमच्या पोटात गोष्ट राहते का?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं. पण त्यांची गोष्ट मात्र मी त्यांच्या हयातीत कुणाला सांगितली नाही.

गोष्ट अशी. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात, चौदा तारखेच्या दुपारी, असेंब्लीवरची साहेबाची काठी उतरवली. नवा झेंडा नव्या काठीसकट आला, आणि ती काठी जुन्या खोबणीत बसेना. दोन बोटं जाड. काठी तासायची म्हटलं तर आबाजींचा जीव धजेना. स्वराज्याची काठी पहिल्याच दिवशी तासून बारीक करायची, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी छिन्नी घेतली आणि गच्चीवरचा खोबणीचा दगडच मोठा केला. घाईत तिसरा घाव जोरात बसला आणि दगडाला केसाएवढी चीर गेली, बुडापासून भिंतीच्या पोटात उतरणारी.

"काठी ताठ बसली," आबाजी म्हणाले. "झेंडा वर गेला. खाली लोकं नाचून राहिले होते. आन् मी वरतं त्या चिरीवर अंगठा ठेवून बसलो होतो."

"मग साहेबांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? रजिस्टरात काय लिहू? स्वराज्य आलं आन् छत चिरलं?"

त्यांनी लिहिलं नाही. त्या वर्षी चुना, अळशीचं तेल आणि विटेची बारीक पूड यांचा लगदा मळून चीर भरली. पण पुढच्या उन्हाळ्यात दगड तापला, फुगला आणि लगद्याने जागा सोडली. तेव्हापासून दर वैशाखात, पावसाच्या आधी, ते एकटे वर जाऊन ती चीर भरत. नोकरी संपली तरी गेले. काकूंना सांगत, साडूला भेटतो. नऊ वर्षांत पाण्याचा एक थेंब खाली आला नव्हता. सगळ्या वस्तूंचा चार्ज त्यांनी यादी करून, सही घेऊन दिला होता, अगदी बादल्या आणि शिड्या मोजून. या एका चिरीचा चार्ज मात्र यादीत नव्हता, म्हणून तो अजून त्यांच्याचकडे होता.

"आता गुडघे वर चढू देत नाही. आन् आता तं तिथलं सरकारही आपलं नाही, मले कोन वर जाऊ देईन? मी मेलो की थे पानी भिंतीत उतरन. दहा वर्षांनी छताले डाग पडन. आन् लोकं काय म्हनतीन?"

"काय म्हणतील?"

"म्हनतीन, साहेबाच्या राज्यात कोरडी होती, आपल्या राज्यात गळून राहिली."

जे काम बोलून भागत नाही ते लिहून भागवायचं, असा माझा स्वभाव. मी पत्र लिहायचं ठरवलं. आबाजींनी ओट्यावर बसून मजकूर सांगितला. झेंड्याच्या बुडाशी चीर आहे, दर वैशाखात भरावी, मसाला असा, प्रमाण असं, पन्हळीत पानं साचू देऊ नयेत. कुणी केलं ते लिहायला मी नको म्हणत होतो. त्यांनी आपलं नाव घालायला लावलं.

"कोणाच्या नावे?"

"असेंब्लीच्या इमारतीच्या देखरेखीवाल्या साहेबाले. पत्ता तुमी टाका, तुमी भूगोलवाले."

भूगोलवाल्याने पत्ता टाकला. तीन महिने घसा फोडून जे घोकत होतो तेच हाताने लिहिलं. भोपाळ. पत्रात नागपूर हा शब्दच नव्हता. आबाजींना तो लिहायची गरज कधी वाटलीच नव्हती. असेंब्ली म्हणजे ती एकच.

वैशाख अर्धा होत आला तेव्हा उत्तर आलं. आबाजींनी चष्मा पुसून ते मलाच वाचायला दिलं. हिंदीत, सुंदर अक्षरात. आपल्या सूचनेप्रमाणे मी स्वतः छतावर जाऊन ध्वजाच्या बुडाची पाहणी केली. चीर कुठेही आढळली नाही, जोड पक्का आहे. शेजारच्या पन्हळीत मात्र पानं साचली होती, ती काढवली. आपल्यासारख्या ज्येष्ठांचं मार्गदर्शन मिळालं याबद्दल आभारी आहे. खाली कुण्या ओव्हरसियरची सही.

"चीर नाही?" आबाजी पुटपुटले. "चीर नाही कशी? मी मारली ना." त्यांनी लिफाफा उलटा केला, डाकेचा शिक्का वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. जमिनीत जाता येत नाही याचं मला त्या दिवसाइतकं वाईट कधी वाटलं नाही.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पत्राची नीट घडी घातली.

"चांगला मानूस आहे," ते म्हणाले. "कोन कुठचा, पत्र आलं म्हनून वर चढला. मास्तर, भोपाळची पन्हळ तं साफ झाली तुमच्यापायी."

आतून काकूंचा आवाज आला. "आता नागपूरचं काय करता? का मास्तराले मुंबईले पत्र लिहाले लावता? हे लंडनले धाडतीन."

"तुले माहीत आहे?" आबाजी दचकले.

"साडू मरून चार वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "दर वैशाखात कोनाले भेटाले जाता, इतकंही मले नाही समजत का?"

दुसऱ्या दिवशी काकूंनीच तो लगदा मळला, पुरणाच्या पाट्यावर नव्हे, वेगळ्या दगडावर, पण पुरणाच्याच हाताने. ओल्या फडक्यात बांधून गोळा माझ्या पिशवीत दिला. आम्ही सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो. वाटेत एका प्रवाशाने, पिशवीत काय, लाडू का, असं विचारलं. मी हो म्हटलं, आणि तो वर्ध्याचा गृहस्थ पुढे सगळा वेळ त्या पिशवीकडे आशेने पाहत राहिला.

सुटीचा दिवस होता. इमारत मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतक्या गोष्टी ऐकल्यानंतर मला ती फार मोठी असेल असं वाटत होतं. ती मोठीच होती, पण माझ्या मनातल्याइतकी नव्हती. लांब व्हरांडे, कमानींमागे कमानी, आणि पायरीवर डुलक्या घेणारा म्हातारा चौकीदार, गणपत. त्याने आबाजींना ओळखलं, उठून उभा राहिला.

"यंदा उशीर केला, साहेब," तो म्हणाला. "वैशाख अर्धा झाला. मले वाटलं, तिकडचे झाले तुमी."

"म्हणजे तुलाही माहीत आहे?" मी विचारलं.

"दर वर्षी शिडी कोन धरते?" गणपत म्हणाला.

जिन्यांपर्यंत आबाजी आले. एक एक पायरी, भिंतीला तळवा लावून. शेवटची लोखंडी शिडी मात्र त्यांच्या गुडघ्यांनी नाकारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पेरूच्या झाडापेक्षा उंच काही चढलो नव्हतो, आणि त्या झाडावरूनही मला शेजाऱ्यांनी उतरवलं होतं. पण भोपाळ आठवलं. पिशवी दातांत धरून चढलो.

वर ऊन पांढरं झालं होतं. मी चार पायांवर, धोतरातून दगड गुडघ्यांना भाजतोय हे जाणवत, सरकत सरकत गेलो. खालून आवाज येत होता, "उजवीकडे, मास्तर. तुमची उजवी, माझी नाही. खाली पाहू नका. तुमाले वर पाहाचं शिकवलं ना." पहिल्या खेपेला मी चुकीच्या दगडापाशी पोहोचलो आणि धडधाकट जागाच भरू लागलो; तेही त्यांना खालून कळलं, कसं ते देव जाणे. "तथी नाही. तथी आवाज भरीव येते. पुढे."

मग सापडली. झेंड्याच्या बुडाशी केसाएवढी चीर, आणि तिच्यावर जुना वाळलेला लगदा, कडेने सुटलेला. त्यावर अंगठा उमटला होता. एक नव्हे, थरावर थर, जिथे वरचा निघाला तिथे खालचा, जुन्या वर्षाचा. नऊ वर्षांचे आबाजींचे अंगठे. कुणी मुद्दाम उमटवलेले नव्हते, लगदा दाबताना माणसाचा अंगठा लागतोच.

सुटलेलं खरवडलं, जिथे धरून होतं ते ठेवलं. गोळा घेतला, भरला, दाबला. शेवटी नीट गुळगुळीत करायला गेलो तर माझाही अंगठा त्यात रुतला. मला नीटनेटकेपणाची हौस, तो पुसायला मी फडकं काढलं.

"झालं का?" खालून.

"झालं. पण माझा अंगठा उमटला मधोमध. पुसतो."

आबाजी म्हणाले, "नका पुसू. राहू द्या. यादीवर सही पाह्यजे ना."

मी खाली आलो ते कसा, ते गणपतला विचारा. मला आठवत नाही. आबाजींनी माझा चुन्याने माखलेला अंगठा हातात घेऊन पाहिला, भिंत पाहावी तसा. "चार्ज दिला," ते म्हणाले. "चार्ज घेतला म्हना."

"घेतला."

तो मी दहा-अकरा वैशाख सांभाळला. मग गणपत गेला, पहारेकरी बदलले, आणि पांढुर्ण्याच्या मास्तराला असेंब्लीच्या छतावर काय काम आहे, हे सांगताना माझीच बोबडी वळू लागली. घरच्यांना मी तोवर साडूला भेटतो असंच सांगायचो. मला साडू नाही, हे बायकोला दुसऱ्याच वर्षी आठवलं.

पण आबाजी म्हटले की मला आठवते ती परतीची संध्याकाळ. पांढुर्ण्याला गाडी थांबली, आम्ही उतरलो. फलाटावर नव्यानेच पत्र्याचं छप्पर घातलं होतं. एक पत्रा उचकटून वाऱ्याने खडखडत होता, आणि त्याखाली लोक बिनघोर बसले होते. मी आबाजींकडे पाहिलं. आता थांबणार, ओळंबा काढणार, स्टेशनमास्तरला बोलावणार. आबाजी थांबले नाहीत. काठी टेकत, समोर पाहत, संत्र्यांच्या पेट्यांना डोळ्यांनी पाहून चुकवत, ते त्या पत्र्याखालून सरळ निघून गेले. फाटकाशी वळून म्हणाले, "चला मास्तर, काकू वाट पाहून राहिली असन."

मी तिथेच उभा होतो. मान वर करून.